बावीस तारखेनंतर

५ ऑगस्ट

प्रिय मोठी,

तुझा फोन आला की मी 'भाजी करपतेय' म्हणून ठेवून देते, याचा तुला राग आलाय असं तुझी आई म्हणाली. राग सोड. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. मनात एक आणि तोंडात दुसरं असलं की माझा आवाज लगेच चुगली करतो. तीस वर्षं पोस्टात टपाल वेगळं करणाऱ्या बाईला जे सांगायचं ते पाकिटात घालूनच सांगता येतं, असं समज.

तर ऐक. छोटीला रुग्णालयात ठेवलंय. घाबरू नकोस. रक्त कमी झालंय, बाकी काही नाही. कॉलेजात उपाशीपोटी हुंदडायचं आणि घरी आल्यावर चार घास चिवडायचे, मग दुसरं काय होणार! थोडे दिवस राहावं लागेल. आल्यागेल्यांना आत सोडत नाहीत, तेव्हा धावत येऊ नकोस. मागे तिचा पाय मोडला तेव्हा तू परीक्षा सोडून आली होतीस. माझ्या लेकीपेक्षा चाळीस दिवसांनी मोठी आहेस, चाळीस वर्षांनी नाही.

एक काम आहे. इथे खालच्या मजल्यावर एक मोठा तक्ता लावलाय. काही आजारांत माणसाच्या हाडातला मगजच रक्त करेनासा होतो. मग दुसऱ्या कोणाच्या तरी मूळ पेशी घालाव्या लागतात, पण त्या जुळायला हव्यात, आणि जुळणारा माणूस लाखात एखादाच सापडतो. म्हणून धडधाकट तरुण मुलांची आधीच नोंद करून ठेवतात. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बस्स. तुमचं ते मदत मंडळ जुने कपडे गोळा करतं, पूर आला की डबे घेऊन धावतं. मग हे का नाही करत? बसल्या बसल्या वाटलं, म्हणून लिहिलं. पण लवकर केलंत तर बरं.

तुझी मावशी


२४ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तू बसल्या बसल्या काय लिहिलंस आणि इथे काय धुमाकूळ झाला! कालच शिबिर संपलं. तीन दिवसांत सहाशे अठरा जणांच्या नोंदी! नोंदणीवाले घेऊन आलेल्या काड्या संपल्या, दुसऱ्या दिवशी आणखी मागवाव्या लागल्या.

श्रेय माझं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत फक्त अकरा जण आले होते. त्यांच्या बाई एकेकाला बसवून अर्धा अर्धा तास समजावत होत्या, पुढे काय काय होतं, घरी विचारलंय का, फोन आला तर येणार का. पोरं पळून जायला लागली. मग मी फिरती ढाल जाहीर केली. ज्या विभागाच्या नोंदी जास्त, त्याला ढाल. एका तासात रांग जिन्यापर्यंत. रसायनवाले आणि इतिहासवाले एकमेकांची माणसं पळवत होते. बाई म्हणत राहिल्या, 'अगं, जरा समजून घेऊ दे त्यांना,' पण रांग एवढी की कोण समजावणार! काडी फिरवली, सही केली, पुढचा.

माझीही काडी दिली. आणि जिराफाचीही. जिराफ म्हणजे आमचा रंगमंचप्रमुख. एवढा उंच की फलक बांधायला त्याला शिडी लागत नाही. स्वभावाने गरीब, कोणी काहीही सांगा, 'बरं' म्हणतो. काडी तोंडात घालताना मात्र डोळे घट्ट मिटून बसला होता, जसं काही दात काढतायत.

छोटीला म्हणावं, खा नीट. नाहीतर मी येऊन नाक दाबून भरवीन.

तुझी मोठी


३ सप्टेंबर

प्रिय मोठी,

सहाशे अठरा! मी तो आकडा नर्सबाईंना सांगितला, डॉक्टरांना सांगितला, लिफ्टमनलाही सांगितला. तुझे उपकार कसे फेडू? म्हणजे त्या सगळ्या रुग्णांच्या वतीने म्हणतेय.

छोटी बरी आहे. उकडतं म्हणून केस अगदी बारीक कापून टाकलेत. तुझं पत्र मी तिला काचेबाहेरून मोठ्याने वाचून दाखवते, आत तोंड झाकून जरा वेळच जाऊ देतात म्हणून. जिराफाचं तिने दोनदा वाचायला लावलं. हसताना तिला धाप लागते, तरी हसली. विचारतेय, तो दारातून जाताना वाकतो का? की नुसतं डोकं तिरकं करतो? कळव म्हणते.

तुझी मावशी


१६ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

पत्राला उशीर झाला. आमचं वार्षिक नाटक बावीस नोव्हेंबरला आहे आणि मला श्वास घ्यायला फुरसत नाही. यंदाच्या नाटकाची सगळी देणगी रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला खोल्या बांधायला जाणार आहे. तू बाकावर झोपतेस हे आईकडून कळलं तेव्हाच मी मंडळात हा विषय मांडला.

आणि एक गंमत. जिराफाला फोन आला! त्या काडीवाल्यांचा. सहाशे अठरा जणांतून नेमकं आमच्या लांबड्याचंच कोणाशी तरी जुळलं. नाव, गाव काही सांगत नाहीत. तसा नियमच आहे म्हणे. आधी तपासण्या, मग पाच दिवस इंजेक्शनं, मग एक दिवस दोन्ही हातांत सुया घालून पडून राहायचं, आणि वर आठवडाभर जड उचलायचं नाही.

तो एवढंसं तोंड करून माझ्याकडे आला. 'त्या बाई पुढच्याच आठवड्यात ये म्हणतायत. काय करू?' मावशी, अख्खा रंगमंच त्याच्या डोक्यात आहे. कुठला दिवा कधी लागतो, पडदा कुठे अडकतो, दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, 'अरे, नाही म्हणू नकोस. फक्त बावीस तारखेनंतरची वेळ माग.' त्याने मागितली, त्यांनी दिली. तो म्हणाला 'बरं', आणि परत शिडीशिवाय दिवे बांधायला लागला. दोन्ही कामं कशी बेमालूम बसवली की नाही? तुझीच भाची!

छोटी अजून तिथेच? किती दिवस रक्त चढवतायत? डॉक्टर बदला सरळ.

तुझी मोठी


२१ ऑक्टोबर

प्रिय मोठी,

पत्र पोचलं. तुझी धावपळ कळली.

मला नाटकातलं काही समजत नाही. पण एक विचारते. दिवे लावायला दुसरं कोणीच मिळणार नाही का गं? बुटकी माणसंही स्टुलावर चढून दिवे लावतातच की. तो मुलगा सगळं कागदावर लिहून देऊ शकेल, कुठला दिवा कधी ते. ज्या कोणाला त्याची गरज आहे, त्याच्या घरचे दिवस मोजत असतील. महिना म्हणजे आपल्याला महिना, पण त्यांना किती, कोण सांगणार? तू एकदा त्याच्याशी बोलून बघशील? बघ, जमलं तर. मी आपली उगाच मधे बोलतेय.

आणि नाटक पुढे ढकलता येतं का? येत नसेल म्हणा.

छोटी परत विचारतेय, वाकतो का?

मावशी


२८ ऑक्टोबर

अगं मावशी,

तू पण ना! तुला कोणाचीही दया येते. नाटक पुढे ढकलायचं म्हणजे काय पोस्टातली रजा आहे? सभागृह मिळायला सहा महिने लागले. आणि त्या लोकांच्या डॉक्टरांनीच महिनाभर थांबलं तर चालेल असं सांगितलंय. चालत नसतं तर तसं म्हणाले असते ना? शिवाय हे नाटक तरी कोणासाठी चाललंय? तुझ्यासारख्या बाकावर झोपणाऱ्यांसाठीच. तू त्या अनोळखी माणसाची काळजी सोड आणि स्वतःच्या पाठीची घे.

नाटक झालं की चोवीसला मी निघते, तू हो म्हण किंवा नाही म्हण. काचेबाहेर उभी राहीन, पण छोटीला बघितल्याशिवाय परत येणार नाही. तिच्यासाठी नाटकाची पत्रिका आणते. जिराफाची सहीसुद्धा आणते, एवढी उत्सुकता असेल तर.

तुझी मोठी


२३ नोव्हेंबर

मावशी,

सभागृह गच्च भरलं! लोक पायऱ्यांवर बसले होते. शेवटच्या प्रवेशात जिराफाने एकेक करून सगळे दिवे मालवले आणि एकच ठेवला, तेव्हा बायका रडल्या. खोल्या होणार, मावशी!

जिराफ उद्याच तपासणीला जातोय. मी परवा निघते. इथलं सामान परत करायचंय, म्हणून एक दिवस उशीर. तू तीन आठवड्यांत एक ओळही लिहिली नाहीस. भाजी करपतेय का?

तुझी मोठी


११ डिसेंबर

मावशी,

तुझ्याकडून आल्यापासून रोज लिहायला बसते आणि उठते. आज लिहिणारच आहे.

मी सव्वीसला सकाळी पोचले तेव्हा छोटी मला ओळखत नव्हती. डोक्यावर एकही केस नव्हता. तापाने फणफणली होती. सत्तावीसला ती गेली. त्या दिवशी तुझ्या शेजारी बसून मला पहिल्यांदा कळलं की ते 'रक्त कमी' नव्हतं, रक्ताचा कर्करोग होता. तिला कोणाच्या तरी पेशी हव्या होत्या. देणारा सापडला होता, पण त्याने वेळ मागून घेतली आणि मधेच ताप चढला. तू एवढंच सांगितलंस आणि भिंतीकडे बघत राहिलीस. मी तुझ्यासमोर त्या माणसाला शिव्या घातल्या. आठवतंय? मी म्हटलं, त्याला असं कसलं मोठं काम होतं! तू माझा हात दाबलास आणि म्हणालीस, 'असू दे. पोर असेल कोणी.'

काल जिराफ भेटला. म्हणाला, 'तपासणीला गेलो तेव्हा एवढंच सांगितलं की मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. आणि अठ्ठावीसला फोन आला, की आता गरज राहिली नाही. गरज राहिली नाही म्हणजे बरी झाली ना गं ती?'

मावशी, मी म्हटलं, 'हो, बरी झाली.' तो एवढा खूश झाला. म्हणाला, 'सुटलो. मला वाटलं, माझ्यामुळे उशीर झाला की काय.'

मुलगी. एकोणीस वर्षांची. अठ्ठावीस तारीख. नोंदणीवाले मला काही सांगणार नाहीत, मी विचारणारही नाही. पण मला माहीत आहे. त्याने वेळ मागितली नव्हती, मी मागायला लावली होती. तो तर 'बरं' म्हणणारा मुलगा आहे. मी 'जा' म्हटलं असतं तर त्याच दिवशी गेला असता.

मी छोटीला मारलं, मावशी. दिव्यांसाठी. आता तू मला पत्र लिहू नकोस. माझं तोंड बघू नकोस.

मोठी


१९ डिसेंबर

मोठे,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लगेच लिहितेय.

मला माहीत होतं. तुझं सोळा ऑक्टोबरचं पत्र आलं, त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, 'दाता तयार आहे, पण बावीस नोव्हेंबरनंतरची वेळ मागतोय, काहीतरी कार्यक्रम आहे म्हणे. थांबू, महिना निघेल.' तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले.

त्याच डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला बजावलं होतं, की दाता कोण हे घरच्यांना कळता कामा नये, आणि घरच्यांनी त्याच्यावर दबाव आणला असं दिसलं तर सगळं थांबतं. तीस वर्षांत मी एकही पाकीट उजेडाकडे धरून बघितलं नाही. ज्याचं टपाल त्याच्या हाती. नियम म्हटला की मी तो मोडत नाही, एवढीच माझी आयुष्यभराची ऐट. आणि इकडे छोटीला वचन दिलेलं, मोठीला सांगायचं नाही, ती सगळं सोडून येईल. तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून.

एकवीस तारखेचं ते पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्यात सरळ लिहिलं होतं, 'मोठे, ती मुलगी आपली छोटी आहे, त्याला आज पाठव.' पाकीट चिकटवलं. पेटीपर्यंत गेले. पेटीच्या तोंडात अर्धं घातलं आणि परत काढलं. मग घरी येऊन ते बुटकी माणसं नि स्टूल लिहिलं. मला वाटलं, माझी मोठी हुशार आहे, ओळखेल. कशावरून ओळखणार होतीस तू? मी तर ऑगस्टपासून तुला खोटंच लिहीत होते. रक्त कमी म्हणे! खरं सांगितलं असतं, तर फोन आल्या क्षणी तुझ्या डोक्यात छोटी आली असती. तू त्याला खांद्यावर घालून आणलं असतंस.

तेव्हा मारलं म्हणायचंच असेल तर दोघींनी मिळून. मला रात्रंदिवस ती पेटी दिसते. तुझ्यावर राग धरायला गेले तर तो फिरून माझ्याच दाराशी येऊन बसतो. तुझ्यावर राग नाही. आहे असं वाटलं, तर तो माझा माझ्यावरचा आहे असं समज.

त्या मुलाला काही सांगू नकोस, आयुष्यात कधी नाही. हा दंड त्याने भरायचा नाही.

एक विनवणी आहे. पुढचं शिबिर असेल तेव्हा मला बोलाव. ढाल नको. त्या बाई अर्धा अर्धा तास समजावत होत्या ना? तिथे मला बसव.

मावशी


१६ फेब्रुवारी

मोठे,

नीट पोचले. तुझ्या आईने डबा दिला होता, तो गाडीत संपवला.

शिबिरात तू दिवसभर रांगेच्या टोकाला होतीस, म्हणून माझ्या टेबलावर काय झालं ते तुला माहीत नाही. माझ्याकडे दिवसभरात सत्तेचाळीस मुलं आली. प्रत्येकाला मी एकच विचारलं, 'फोन आला तर आठ दिवसांत निघशील? परीक्षा असली, लग्न असलं, नाटक असलं तरी? निघणार नसशील तर काडी देऊ नकोस, मी रागावणार नाही.' अठरा जण उठून गेले. मला बरं वाटलं. उरलेले एकोणतीस खरे आहेत.

तो मुलगा माझ्या मागे फलक बांधत होता. सगळं ऐकत होता. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याचे हात थांबले. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा माझ्यासाठी पाणी घेऊन आला आणि टेबलापाशी उभाच राहिला. म्हणाला, 'काकू, एक विचारू? मला फोन आला होता. मी महिनाभर थांबायला सांगितलं. मग ते म्हणाले, गरज राहिली नाही. ती बरी झाली म्हणून ना?'

मी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ते मला जमेना. सकाळपासून समोर बसलेल्या प्रत्येकाला खरं सांगितलं होतं. मी म्हटलं, 'कधी कधी बरं होतं माणूस. कधी कधी वेळ निघून जाते.'

तो खाली जमिनीवर बसला. एवढा मोठा मुलगा, गुडघे हनुवटीला लागले. मग म्हणाला, 'तुम्ही असं बोलता... तुमच्या ओळखीची होती का ती?'

मोठे, फोनवर भाजी करपतेय एवढं सांगतानाही माझा आवाज फुटतो, तुला माहीत आहे. मी म्हटलं, 'नाही रे बाळा. मी पोस्टातली बाई, निवृत्त झाले, वेळ जात नाही म्हणून येते. मला काय माहीत, कोण होती.' आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस दाट आहेत. तो लहान मुलासारखा रडला. मी रडले नाही, घरी येऊन रडले.

मग त्याने माझ्याकडून नवा कागद मागून घेतला आणि पुन्हा नाव लिहिलं. त्याची नोंद आधीची आहेच, पुन्हा लिहायची गरज नाही, असं मी म्हटलं. तरी लिहिलं. 'किती दिवसांत निघाल' या ओळीत त्याने लिहिलंय, 'त्याच दिवशी'. तो कागद मी तुझ्या त्या बाईंना दिलेला नाही. या पाकिटात ठेवतेय. तू जपून ठेव.

संध्याकाळी माझी पिशवी उचलून तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. तो पुढे, मी मागे. सभागृहाच्या दारापाशी मी थांबले आणि बघितलं.

वाकतो, मोठे. डोकं तिरकं नाही करत. आधी एका हाताने चौकट चाचपतो आणि मग पूर्ण वाकतो. दोनदा विचारलं होतं छोटीने, आणि दोघींपैकी कोणीच तिला सांगितलं नाही.

तुझी मावशी